बिनपाण्याची हजामत

आठवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवत होतो. शाळा उर्दू माध्यमाची, तास मराठीचा. फळ्यावर लिहिलं, 'बिनपाण्याने हजामत करणे', आणि पुढे अर्थ लिहिला, 'पुरती फजिती करणे, लुबाडणे'. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांचं बस स्टँडकडे सलून आहे. सुट्टीच्या दिवशी तो तिथं केस झाडायला असतो. म्हणाला, "सर, बिनपाण्याची क्यूं? बिनसाबणाची बोलना था ना."

वर्ग हसला. मी म्हणालो, पूर्वी साबण नव्हता बेटा, म्हणून. त्याला बसवलं आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळलो. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला त्याच महिन्यात घरी, अब्बांच्या खाटेजवळ कळलं.

अब्बा तहसील कचेरीत कारकून होते. दाढी त्यांनी कधी ठेवली नाही, फक्त बारीक मिशी. रोज फजरची नमाज झाली की आरसा खिडकीला टेकवून बसायचे आणि दाढी करायचे. (दाढी 'करायची' म्हणजे काढून टाकायची, ही मराठीची गंमत. उर्दूत तिला 'बनाते' म्हणतात आणि तरी ती जातेच.) वुजूमध्ये तोंड तीनदा धुतलेलं असायचं, हनुवटी चांगली भिजलेली. मला ती नुसती वेळेची सवय वाटायची.

मग लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली. दाढी करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी स्वतः दाढी ठेवतो, त्यामुळे दुसऱ्याचा गाल साफ करायचा अनुभव शून्य. नांदेडहून फेसाचा डबा आणला. बटण दाबलं की लिंबाएवढा पांढरा गोळा बाहेर येतो. अब्बांचा चेहरा जाहिरातीतल्या माणसासारखा दिसू लागला. रेझर फिरवला आणि जबड्याखाली, कातडी सैल झालेली असते तिथं, तो अडकला. चीर तांदळाच्या दाण्याएवढी. पण रक्त थांबेना. तुरटी लावली, कापूस लावला, शेवटी बोट दाबून बसलो. उशीचा अभ्रा भिजला. अब्बा काही बोलले नाहीत, त्यांना बोलता येतच नव्हतं. डोळे तेवढे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी वारिक मामांना बोलावलं. वारिक हा आमच्याकडचा शब्द. पुण्याकडे न्हावी म्हणतात, सरकारी कागदावर नाभिक, आणि माणूस मुसलमान असला तर हज्जाम. मामांची सत्तरी उलटली आहे. दुकान मुलाकडे दिलं, पण जुन्या चार घरी ते अजून जातात. निजामाच्या राज्यात त्यांचे वडील आमच्या दादांच्या खळ्यावरून वर्षाची ज्वारी न्यायचे. मामांनी माझा डबा हातात घेतला, बोटावर फेस काढला, अंगठ्यानं चोळला आणि बोट माझ्यापुढं धरलं. फेस विरला होता, बोट जवळजवळ कोरडं होतं.

"मास्तर, हे नुस्तं वारं हाय. वस्तरा चालायचा कशावर?"

मग त्यांनी कोमट पाण्यात टॉवेल बुडवून अब्बांच्या जबड्याला गुंडाळला. नंतर ओल्या बोटांनी गाल चोळत बसले. इतका वेळ, की मी घड्याळाकडे पाहिलं. मग ट्यूबमधली क्रीम सुपारीएवढी, आणि ब्रश पाण्यात बुडवून बुडवून. फेस फार झाला नाही, पण गाल तेल लावलेल्या तव्यासारखा चमकत होता. अर्ध्या दाढीत अब्बांना झोप लागली.

त्यानंतर कित्येक दिवस मी या एका गोष्टीच्या मागे होतो: वस्तरा नेमका कशावर चालतो? भाषा शिकवणारा माणूस असल्यामुळे सुरुवात शब्दांपासून केली.

'हजामत' आणि 'हज्जाम' अरबीतून आले. अरबीत हज्जाम म्हणजे तुंबडी लावून दूषित रक्त काढणारा, हिजामा करणारा. केस कापणाऱ्याला अरब लोक 'हल्लाक' म्हणतात. आपल्याकडे दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती, म्हणून शब्दही एकच झाला. एकेकाळी रक्त काढणं हीच ज्याची कला होती, त्याच्या हातून आज थेंब निघाला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं. 'वस्तरा' फारसी उस्तऱ्यापासून. 'साबण' अरबी साबूनपासून. पोर्तुगीजांचा सबाँव आणि फ्रेंचांचा साव्हाँ हेही त्याच गोतातले. 'न्हावी' मात्र इथला: संस्कृत नापित, आणि त्याच्या मुळाशी न्हाऊ घालण्याची क्रिया आहे असं अभ्यासक मानतात. म्हणजे मराठीनं या माणसाला नाव दिलं ते हत्यारावरून नव्हे, पाण्यावरून.

संत सेना महाराजांच्या नावावर एक प्रसिद्ध अभंग आहे. त्यात ते स्वतःला वारिक म्हणवतात आणि आपल्या धंद्यातल्या वस्तूंना एकेक गुण जोडत जातात. मी तो यावेळी वेगळ्या नजरेनं वाचला, धोकटीची यादी म्हणून. आरसा आहे, चिमटा आहे, डोक्याला चोळायचं पाणी आहे. साबण नाही. ज्या माणसाला आपल्या प्रत्येक हत्यारातून परमार्थ दिसला त्याच्याकडे साबण असता तर त्यातूनही दिसला असता. तो नव्हता. अंगाला डाळीचं पीठ होतं, केसांना रिठे आणि शिकेकाई होती. हजामतीला पाणी होतं आणि चोळणारी बोटं होती. वाक्प्रचार त्या काळचा आहे. बिनपाण्याची हजामत म्हणजे एकमेव सोय काढून घेऊन केलेली हजामत.

नुसत्या पाण्यानं काम कसं भागत असेल? दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो, तारेसारखा. दोन-तीन मिनिटं पाण्यात राहिला, त्यातही कोमट, की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच उतरतो. अर्धं काम इथंच होतं. उरलेलं अर्धं म्हणजे पातं कातडीवरून घसरणं. मराठीत त्यासाठी शब्द भरपूर: निसरडं, गुळगुळीत, बुळबुळीत, ओशट. आमच्या घरात 'चिकनाहट' म्हणतात. मी इथं निसरडेपणा म्हणेन. पाणी केस मऊ करतं, पण निसरडं फार वेळ ठेवत नाही. वाहून जातं, वाळतं. पाण्याला कातडीवर धरून ठेवणारं काहीतरी हवं. साबणाचं खरं काम ते आहे.

तेल किंवा चरबी आणि तीव्र खार एकत्र तापवला की साबण होतो आणि सोबत ग्लिसरीन सुटतं. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकटाला. गालावर तो असा बसतो की पाण्याचा पातळ थर जागेवर राहतो आणि पातं त्या थरावरून जातं. फेस म्हणजे याच द्रवाच्या पडद्यांत अडकलेली हवा. वंगण पडद्यात असतं, हवेत नसतं. मामांच्या 'वारं' या शब्दाला रसायनशास्त्राची एवढी पक्की साथ मिळेल असं वाटलं नव्हतं.

खार कोणता यावर साबणाची जात ठरते. सोड्याचा खार असेल तर वडी कडक होते, पोटॅशचा असेल तर साबण मऊ होतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. दाढीच्या वडीत दोन्ही असतात, ट्यूबच्या क्रीममध्ये पोटॅश जास्त. खोबरेल तेलातून झटपट आणि मोठ्या बुडबुड्यांचा फेस येतो, पण तो टिकत नाही. स्टिअरिक आम्लाचा फेस उशिरा येतो, पण दाट, सायीसारखा असतो आणि टिकतो. म्हणून कोणत्याही ट्यूबमागची बारीक अक्षरं वाचा: पाणी, स्टिअरिक आम्ल, खोबऱ्याचं किंवा मिरिस्टिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन. नावं आणि वास बदलतात, हा पाया फारसा बदलत नाही.

हे स्टिअरिक आम्ल पूर्वी युरोपात कुठून यायचं? मुख्यतः गुरांच्या चरबीतून. अमेरिकेत कनेक्टिकटच्या जे. बी. विल्यम्सनं १८४० पासून मगमध्ये ठेवून घोटायचा दाढीचा साबण विकला, आणि इंग्लंडच्या जुन्या नामांकित वड्याही चरबीच्याच. आजही चरबीच्या वडीचा निसरडेपणा वेगळाच, असं म्हणणारे शौकीन जगभर आहेत. आपल्या देशात मात्र वंगण आणि चरबी यांची गाठ एकदा फार महागात पडली होती. १८५७ साली एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसाला लावलेली चरबी गाईची की डुकराची, या प्रश्नावर पलटणी पेटल्या. काडतूस नळीतून सहज सरकावं म्हणून ती चरबी होती. निसरडेपणासाठीच.

तिचा धडा साबणवाल्यांनी साठ वर्षांनी घेतला. आर्देशिर गोदरेज हे कुलुपं आणि तिजोऱ्या बनवणारे पारशी उद्योजक. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला त्यांनी मुंबईत प्राण्यांची चरबी अजिबात न वापरता, वनस्पती तेलापासून साबण काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'चावी'. स्वदेशीचा काळ. रवींद्रनाथ ठाकूरांनी गोदरेजच्या साबणाची शिफारस केली, ती जाहिरातीत छापली गेली. हिंदूच्या मनातली शंका आणि मुसलमानाच्या मनातली शंका एकाच वडीनं मिटवली. पुढं याच घराण्याच्या नावाची दाढीची गोल वडी आणि क्रीम घराघरांत गेली. अब्बांच्या लोखंडी पेटीत त्या गोल वडीचा लाल डबा मी पाहिला आहे. त्यात नंतर बटणं ठेवलेली असायची.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या लोकांत कमी सांगितली जाते. नापाक तेलापासून झालेल्या साबणाचं काय, हा प्रश्न फुकहांनी शतकांपूर्वी सोडवला आहे. हनफी फिक्हमध्ये 'तब्दील-ए-माहियत' असं एक तत्त्व आहे: वस्तूची मूळ प्रकृतीच बदलली तर हुकूमही बदलतो. त्याचं उदाहरण म्हणून जुन्या किताबांत साबण येतो. तेल साबण झालं, आता ते तेल उरलं नाही. मी आलिम नाही, फतवा देत नाही. पण जी क्रिया शाळेच्या पुस्तकात 'साबणीकरण' म्हणून शिकवतात तिच्याकडे आपल्या बुजुर्गांनी किती बारकाईनं पाहिलं होतं, याचं मला अप्रूप वाटतं. ब्रशचं प्रकरण मात्र असं सुटत नाही. दाढीचे बरेच जुने ब्रश डुकराच्या केसांचे असत, आणि केस तर केसच राहतो. चांभारकामात शिवणीसाठी ते केस वापरण्याची सूट, गरज म्हणून, हनफी फकीहांनी दिली होती. गालासाठी तशी गरज कुणाला वाटली नाही. नायलॉनचे ब्रश आले आणि हा सवालच बाजूला पडला. फेसाच्या दृष्टीनं नायलॉन चांगलाच काम देतो, पाणी मात्र कमी धरतो. तो पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो. मामा तेच करत होते.

आता फेसाकडे. पाण्याचं काम फेसाच्या नावावर कधी जमा झालं?

याचा बराचसा हिशेब अमेरिकन जाहिरातदारांकडे निघतो. क्लॉड हॉपकिन्स हा त्यातला उस्ताद. १९२० च्या दशकात पामोलिव्हच्या दाढीच्या क्रीमसाठी त्यानं आकड्यांची जाहिरात केली: फेस २५० पट होतो, एका मिनिटात दाढी मऊ होते, १० मिनिटं फेस टिकतो. लोकांना काय हवं ते विचारलं तेव्हा भरपूर फेस हवा असं उत्तर आलं होतं. पुढं त्यानं आत्मकथनात सरळ लिहून टाकलं की इतरांच्या क्रीम तेवढंच काम करतात की नाही हे आपल्याला कळलं नाही. आकडे पहिल्यांदा आपण दिले, इतकंच. २५० पट! कुणी विचारलं नाही की उरलेले २४९ भाग कशाचे. १९४९ च्या सुमारास दाबून उडवायचे फेसाचे डबे बाजारात आले. ब्रश गेला, आणि ब्रशबरोबर गालाला पाणी चोळण्याचा वेळही गेला.

या डब्यांच्या इतिहासातला सगळ्यात मजेदार खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोलगेट-पामोलिव्हच्या 'रॅपिड शेव्ह'ची टीव्हीवर जाहिरात होती: खरखरीत सँडपेपरवर फेस लावला, लगेच रेझर फिरवला आणि वाळू साफ. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हता. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यावर वाळू टाकली होती. खरा सँडपेपर त्या फेसानं भादरता आला असता का? आला असता, पण आधी सुमारे ८० मिनिटं भिजत ठेवावा लागला असता. १९६५ साली न्यायालयानं निकाल दिला की न सांगता असा बनावट देखावा दाखवणं ही फसवणूक आहे. मी हे वाचून एकटाच हसत बसलो. जगातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयांपैकी एकाच्या नोंदीत शेवटी हेच आलं की भिजवल्याशिवाय काही खरं नाही.

यानंतर मी घरी तुलना करून पाहिली. प्रयोगशाळा म्हणजे न्हाणीघर, उपकरण म्हणजे माझं बोट. दाढी ठेवत असलो तरी गालाचा वरचा भाग आणि गळा, म्हणजे खत, मी आठवड्यातून दोनदा करतो. आता रोज थोडं थोडं करू लागलो. मामांनी शिकवलेली परीक्षा सोपी आहे. रेझरचा एक हात झाला की फेस निघून गेलेल्या जागी ओलं बोट फिरवायचं. बोट घसरलं तर दुसरा हात मारता येतो. 'करकर' झाली तर थांबायचं. फेस असतानाचा निसरडेपणा सगळेच देतात. फेस गेल्यावर जो मागं राहतो तो खरा.

पण परीक्षा सुरू करताच आमचं पाणी आडवं आलं. हदगाव तालुक्याच्या कडेनं पैनगंगा वाहते, पण आमच्या नळाला बोअरचं पाणी आहे आणि ते जड आहे. मराठवाड्यात ज्यांच्या बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात त्यांना वेगळं सांगायला नको. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि न विरघळणारा साका करून टाकतं. जो साबण निसरडेपणाला लागायचा तो आधी पाण्याचं कर्ज फेडण्यात संपतो. म्हणून मी तीन पाणी घेतले: बोअरचं, जारचं, आणि जूनमध्ये पत्र्यावरून बादलीत धरलेलं पावसाचं.

अंघोळीच्या साबणाला बोअरच्या पाण्यात बोट सरळ अडकलं. पावसाच्या पाण्यात फेस डोंगराएवढा, पण अर्ध्या गालापर्यंत जाईस्तोवर वाळला. फेसाचा डबा तिन्ही पाण्यांत जवळजवळ सारखाच. कारण त्यात कंपनीचं स्वतःचं पाणी भरलेलं असतं, आपलं लागतच नाही. त्याचा हा एक गुण कबूल केला पाहिजे. पण पहिला हात झाला की मागं काही उरत नव्हतं. आधी गाल चांगला भिजवून, फेस पातळ लावून, वरून ओली बोटं फिरवली तेव्हा तोच डबा बराच सुधारला. म्हणजे त्या दिवशी अब्बांना लागलं त्यात डब्यापेक्षा माझ्या घाईचा वाटा जास्त होता.

खरी लढत वडी आणि ट्यूब यांच्यात. वडीवर ओला ब्रश मिनिटभर घोटावा लागतो. पहिला फेस दिसायला सुंदर, शिरखुर्म्यावरच्या सायीसारखा, पण बोटाला चिकट. इथंच बहुतेक लोक थांबतात आणि वडीला नावं ठेवतात. त्यात ब्रशच्या टोकानं पाण्याचे दोन-चार थेंब घाला, पुन्हा घोटा, पुन्हा घाला. फेस थोडा उतरतो, घोटलेल्या दह्यासारखा होतो आणि चमकायला लागतो. ती चमक आली की निसरडेपणा आला. पावसाच्या पाण्यात वडीनं सगळ्यांना मागं टाकलं. फेस पुसल्यावरही बोट गालावर ठरत नव्हतं. बोअरच्या पाण्यात मात्र दुप्पट साबण घेऊनही ती गोष्ट जमली नाही. तिथं ट्यूब बरी. ती आधीच पाणी पिऊन मऊ झालेली असते, ग्लिसरीन असतं, लवकर विरघळते. माझा निकाल असा: पाणी हलकं असेल तर वडी, जड असेल तर ट्यूब. आणि जारचं एक तांब्याभर पाणी बाजूला ठेवता आलं तर हदगावातसुद्धा वडीच.

खत करणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. दाढीची रेघ धरायची तर फेस शत्रू आहे, रेघच दिसत नाही. जुने हज्जाम खताला फेस लावतच नसत. पाणी, किंवा साबणाचं पाणी, नाहीतर बोटभर तेल. आमच्या मशिदीजवळच्या दुकानातला तरुण पोरगा आता पारदर्शक जेल वापरतो आणि त्याला वाटतं ही नवी कल्पना आहे.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टोचत राहिली. निसरडेपणाची ही चर्चा ज्याच्या गालाला न्हाव्याचा हात लागत होता त्याची आहे. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार, पण त्याचं पाणी सगळ्यांच्या दारी जात नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये साताऱ्याची आठवण लिहिली आहे: घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची. गावात न्हावी होते, द्यायला पैसेही होते. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला न्हावी तयार नव्हता. गांधीजींनाही प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्यानं नकार दिला. त्यांनी मशीन विकत घेऊन आपले केस आपणच कापले, कोर्टात लोक हसले. पण त्या न्हाव्याला दोष देता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा करू देत नाही, ही आठवण त्यांनी तिथंच नोंदवली. किंग जिलेटचा सुटसुटीत रेझर १९०३ मध्ये विक्रीला आला, पहिल्या वर्षी ५१ नग खपले. तो आणि ट्यूब आपल्या खेड्यापर्यंत पोचायला पुष्कळ वर्षं लागली. पण पोचल्यावर किती घरांत माणसाला पहिल्यांदा कुणाची वाट न पाहता गाल साफ करता आला असेल! या बाजूनं पाहिलं तर फेसाच्या डब्यालाही मी माफ करतो.

न्हाव्यांच्या बाजूनंही एक पान आहे, आणि ते ठळक आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही असं ठरवलं. सत्यशोधक चळवळीतला हा संप. वस्तरा कशावर चालतो हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी तो कुणावर चालवायचा नाही हेही ठरवलं. मामांना मी हे सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. "आमच्या लोकांनी?" असं दोनदा विचारलं, आणि पुढं त्या दिवशी त्यांचा हात जरा जास्तच हळू चालला.

वर्गात परत जाऊन मी त्या मुलाला पूर्ण उत्तर दिलं. साबण नसला तर हजामत होते बेटा, पाणी नसलं तर होत नाही. साबण आहे तो पाणी थांबवायला. त्यानं मान हलवली. म्हणाला, "अब्बू भी यइच बोलते. पर गिऱ्हाक को झाग होना." गिऱ्हाइकाला फेसच लागतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अब्बांची दाढी मी नंतर सव्वा वर्ष केली. आठवड्यातून एकदा मामा, बाकीचे दिवस मी. कोमट टॉवेल, जारचं पाणी, ट्यूब. पुन्हा कधी रक्त आलं नाही. शेवटचे तीन दिवस ते नांदेडच्या दवाखान्यात होते आणि तिथं काही करता आलं नाही, त्यामुळे घरी आणलं तेव्हा गालावर खुंट होते. मी जाणत्यांना विचारलं. मयतीची दाढी करत नाहीत, नखंही कापत नाहीत. गुस्ल देणाऱ्यांनी बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी कोमट करून आणलं होतं. त्या पाल्यालाही थोडा फेस येतो. त्यांनी ते ओंजळीनं चेहऱ्यावर घेतलं आणि ओला हात गालावरून, जबड्याखालून हळूहळू फिरवला. मामा बाहेर अंगणात बसले होते. धोकटी आणली नव्हती.